बंद पडलेली दगडी शाळा पाडावी की तिच्यातच भाड्याची घरं करावीत? (सोलापूर)

बाळीवेस_कट्टा:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतोय इथं, आज पहिल्यांदा लिहितोय कारण पुढच्या महिन्यात आमच्या ट्रस्टची मीटिंग आहे आणि मला तिथं तोंड उघडायचंय. नुसतं भावनेनं बोललो तर म्हातारे विश्वस्त मला चहा पाजून खाली बसवतील हे माहितीये.

तर विषय असा. आमच्या आजोबांच्या पिढीनं काढलेली एक मराठी शाळा आहे, बाळीवेशीपासून चालत दहा मिनिटांवर. पट घसरत घसरत सात वर्षांपूर्वी बंद पडली. पुढची इमारत दुमजली, काळ्या दगडाची, चुन्यातली, दारावरच्या दगडात १९३६ कोरलंय. भिंती दोन फुटी. खालच्या मजल्याचं छत म्हणजे लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या कमानी, वर लाकडी कैच्या आणि मंगळूरी कौलं. वर्ग वीस बाय चोवीसचे, चौदा फूट उंच, एका बाजूला सात फुटी व्हरांडा. मागं १९७२ साली बांधलेली आरसीसीची विंग आहे, सहा खोल्या, तिचा स्लॅब ठिकठिकाणी फुटून सळया लोंबतायत. शिवाय एक सिमेंटच्या पत्र्याची प्रयोगशाळा.

आता दोन ऑफर आल्यात. एक बिल्डर म्हणतोय जागा द्या, खाली गाळे वर फ्लॅट, तुम्हाला दोन मजले. दुसरा एक पाडापाडीवाला भेटला, तो म्हणतो मी पाडून राडारोडा उचलून देतो आणि वर तुम्हालाच पैसे देतो. आमचे खजिनदार तर एवढे खूश झाले की माणूस देवासारखा भेटला म्हणाले.

माझ्या डोक्यात तिसरंच आहे. इमारत ठेवून आत वीसेक छोटी घरं करायची, एक खोली, ओटा, मोरी, संडास. भाड्यानं. एकटे राहणारे रिटायर्ड लोक, दवाखान्यात काम करणाऱ्या मुली, ज्यांना कुमठ्याच्या पलीकडं किंवा जुळे सोलापुरात रोज जायला-यायला परवडत नाही असे. पुण्यात आर्किटेक्चर शिकणारी भाची म्हणते मामा याला सर्क्युलर कन्स्ट्रक्शन म्हणतात, जुन्या इमारतीचा माल त्याच इमारतीत फिरवायचा, नवीन सिमेंट-विटा कमीत कमी. ऐकायला भारी वाटतं, पण हे आपल्याकडं होतं का, का सेमिनारपुरतं आहे? इमारत तग धरेल का? स्वस्त पडतं का महाग? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, फॉरवर्ड नकोत.

होटगीरोड_रिटायर्ड:

पाडा. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सरकारी नोकरीत होतो आणि दुसऱ्या दिवशी आमची गाडी सास्तूरकडं गेली होती. गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत सगळं संपलं. दोन-अडीच फुटी दगडी भिंती होत्या त्याही, लोक अभिमानानं सांगायचे आमच्या भिंतीला तोफेचा गोळा लागला तरी काही होत नाही म्हणून. त्याच भिंतींखालून माणसं काढली आम्ही. तेव्हापासून दगडी भिंत म्हटलं की मी तिच्या कडेला खाट टाकत नाही. म्हातारी माणसं आणि पोरी ठेवणार तुम्ही त्यात, उद्या काही झालं तर ट्रस्ट जबाबदार. हेरिटेज बघायला बरं असतं, झोपायला नाही.

स्ट्रक्चरवाली:

काका, तुम्ही जे बघितलंय त्याच्यापुढं मी काय बोलणार, पण एक फरक सांगायलाच पाहिजे कारण किल्लारीनंतर आपल्या भागात सगळ्याच दगडी इमारती एका माळेत ओवल्या गेल्या. तिथल्या बऱ्याचशा भिंती मातीत रचलेल्या होत्या, आतून एक थर बाहेरून एक थर आणि मधे दगडगोट्यांची भर, दोन थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर फूट-दीड फूट, काही ठिकाणी त्याहून जास्त मातीचं माळवद. हादरा बसला की दोन थर एकमेकांपासून सुटले, पोट फुगलं आणि वरचं ओझं खाली. दोष जाडीचा नव्हता, बांधणीचा होता. भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामात जे केलं तेही हेच, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे टाके घालायचे, वरून एक सलग पट्टा फिरवायचा, माळवदाचं वजन उतरवायचं.

म्हणून दादा तुमच्याकडं पहिलं काम म्हणजे बघणं. खिडकीच्या बाजूला, जिथं भिंतीचा छेद दिसतो तिथं, दोन-तीन ठिकाणी प्लास्टर उकरा. घडीव दगड चुन्यात बसवलेत का आणि दर दोन-तीन फुटांवर एखादा लांब दगड आरपार गेलाय का ते दिसेल. मग ओळंबा लावा, कुठं भिंतीनं पोट सोडलंय का बघा. कोपऱ्यात उभ्या भेगा आहेत का. गर्डर भिंतीत जिथं बसलाय ते टोक गंजलंय का हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मधला गर्डर ठणठणीत असतो आणि टोक भिंतीतल्या ओलीनं खाल्लेलं असतं. हे सगळं ठीक निघालं तर लिंटेलच्या पातळीला एक पट्टा, गर्डर आणि कैच्या भिंतीला अँकर करून बांधणं, (लिंटेल म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचं आडवं), एवढ्यावर इमारत पुष्कळ सुधारते. पण हा निर्णय जागेवर आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, माझा इथं बसून नाही.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची, जी मीटिंगमधे नक्की सांगा. आपल्या आयएस ८७५ कोडप्रमाणं, म्हणजे इमारतीवरच्या वजनाचं भारतीय मानक, वर्गखोलीचा मजला दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो वजनासाठी धरतात आणि घराच्या खोलीला २०० किलो. म्हणजे शाळेचं घर करताना मजल्यावरचं वापराचं वजन कमी होतं. उलट केलं असतं, घराची शाळा किंवा गोदाम, तर अडचण होती. मात्र हा फायदा लोक एका दिवसात घालवतात, कसा, तर वर्गाच्या मधोमध चार इंची विटेची भिंत चढवून. दहा फूट उंच, दोन्हीकडून प्लास्टर, अशी भिंत एका मीटरला सातशे किलोच्या आसपास जाते, आणि ती तुम्ही कमानींच्या छतावर वरच्या मजल्यावर उभी करणार. नको. पार्टिशन हलकीच हवीत, पत्र्याच्या चॅनेलच्या सांगाड्यात बोर्ड, किंवा तुमच्याच जुन्या दारांची झडपं फ्रेममधे बसवून.

दुसरं पाणी. हे सोलापूर आहे, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे लक्षात ठेवून बोलतेय. वीस घरं, घरटी तीन माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला आठ हजार लिटर झाले. पाणी चौथ्या दिवशी धरलं तर बत्तीस हजार लिटर साठवण, म्हणजे बत्तीस टन. काळ्या टाक्या आणून कौलांच्या शेजारी भिंतीवर ठेवणारे महाभाग मी बघितलेत. सगळा साठा जमिनीत, वर फक्त दिवसापुरतं, आणि तेही इमारतीला न टेकणाऱ्या वेगळ्या लोखंडी स्टँडवर.

तिसरं मोऱ्या आणि संडास. चुन्याच्या भिंतीत पाईप गाडू नका. सगळं ओलं काम मागच्या बाजूला एका वेगळ्या सांगाड्यात घ्या, व्हरांड्याच्या उलट बाजूला, दर दोन घरांना पाईपांसाठी एक उभा डक्ट. सांगाडा लोखंडी आणि नटबोल्टचा, वेल्डिंगचा नाही, म्हणजे तीस वर्षांनी कुणाला काढायचा झाला तर पान्यानं उघडता येईल. भाची म्हणते ते सर्क्युलर खरं तर इथं आहे, नुसतं जुनं वापरण्यात नाही, नवीन जे घालतोय ते पुन्हा निघेल असं घालण्यात आहे.

आणि हात जोडून सांगते, दगडी भिंतीला आतून सिमेंटचं प्लास्टर मारू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं, मग ती ओल भिंतीतून वर चढत जाते आणि चार फुटांवर लोणा फुटतो. मग लोक म्हणतात जुनी भिंत खराब आहे. भिंत चांगली होती ओ, तिला रेनकोट घालून बसवलं तुम्ही.

मागच्या ७२ च्या विंगवर माझा फार जीव नाही. पाडावी लागली तर लागली. तिचे कॉलम तपासा. काँक्रीटला छोटं भोक पाडून फिनॉल्फथॅलिन मारतात, गुलाबी झालं तर काँक्रीटमधे अजून क्षार आहे आणि सळई सुरक्षित, रंगच आला नाही तर कार्बोनेशन आत पोचलंय, म्हणजे हवेतल्या वायूनं तो क्षार संपलाय. सळईपर्यंत बिनरंगाचं असेल तर वरून मायक्रो काँक्रीट थापून काय उपयोग. लोकांना दगडाची भीती वाटते आणि आरसीसी म्हटलं की निवांत झोप लागते, तुमच्याकडं नेमकं उलटं निघेल असं मला फोटो न बघता वाटतंय.

बाळीवेस_कट्टा:

ताई, एवढं कुणी फी घेऊन पण सांगत नाही, आभारी आहे. काका तुमचंही म्हणणं डोक्यात आहे, प्लास्टर उकरल्याशिवाय पुढं जाणार नाही. एक शंका, चौदा फूट उंचीत मधे पोटमाळा टाकला तर घरं दुप्पट होतील असं एक विश्वस्त म्हणतायत.

स्ट्रक्चरवाली:

दुप्पट घरं नाही होत, दुप्पट कोंडवाडे होतात. चौदा फुटाचे दोन भाग म्हणजे सात-सात फूट, त्यातून तक्तपोशीची जाडी गेली, आणि राहत्या खोलीला युनिफाईड डीसीपीआरमधे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, २.७५ मीटर उंची लागते. अर्ध्या खोलीवर सामानाला, फार तर एकाला झोपायला माळा करा, अर्धी खोली पूर्ण उंच राहू द्या. मे महिन्यात सोलापुरात बेचाळीस-त्रेचाळीस असताना ती वरची चार फूट हवाच तुमचा एसी आहे. वरचे झरोके बुजवू नका आणि फॉल्स सीलिंगचं नाव काढू नका.

जुनामाल_सोलापूर:

दादा तुमच्या खजिनदारांना आधी सांगा, तो पाडापाडीवाला देवबिव काही नाही, आमच्याच धंद्यातला माणूस आहे. मी पंचवीस वर्षं जुन्या इमारतीचा माल घेतो-विकतो म्हणून सांगतोय. कुणी पाडायचे पैसे मागत नसंल आणि उलट देत असंल तर समजून घ्यायचं की आत माल आहे. तुमच्याकडं काय काय निघतंय बघा, सागवानी कैच्या, दारं चौकटी, गर्डर, शहाबादी, कौलं, घडीव दगड. तो तुम्हाला देतोय ते ह्याच्यातलं चिमटीभर.

ते सर्क्युलर का काय म्हणताय ते आम्ही बापजाद्यापासून करतोय, फक्त एक घोळ आहे. हितला माल तिकडं जातोय, तुमच्या शाळेचं दार कुठल्यातरी फार्महाऊसला लागतंय, तुमचा गर्डर भट्टीत जातोय आणि तुम्ही नवीन गर्डर आणताय. एकाच जागेवर माल राहिला तर ट्रकचं भाडं वाचतंय, आमचं कमिशन बी वाचतंय, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

आता कामाचं. आधी यादी करा. एकही खिळा काढायच्या आधी. दार किती, लांबी रुंदी, कुठल्या खोलीचं, झडप सरळ आहे का पिळलंय, बिजागरी पितळी का लोखंडी. खडूनं नंबर टाका. गर्डर किती लांब, कुठं भोकं आहेत. गर्डरच्या पोटावर बघा, जुन्या मालावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतंय, डॉर्मन लाँग, टाटा असं. कुठं कुठं तर गर्डरच्या जागी रेल्वेचा रूळच घातलेला सापडतोय. असलं जुनं लोखंड तपासल्याशिवाय वेल्डिंगला घेऊ नका, काही काही माल वेल्डिंगला तडकतोय, भोक पाडून बोल्ट मारा.

लाकूड म्हणजे लगेच सोनं समजू नका. कैचीचं टोक, जिथं भिंतीत जातंय, तिथं सळई टोचून बघा. आत गेली की वाळवी. ते टोक कापून उरलेलं वापरायचं, अख्खं फेकायचं नाही. आणि जुना रंग घासताना तोंडाला फडकं नको, चांगला मास्क पाहिजे, जुन्या ऑईल पेंटमधे शिसं असायचं, ती धूळ लेकराबाळांच्या अंगणात नको.

विटा. कमानींना चुन्यात बसवलेली वीट असली तर ती हातोडीच्या बोथट बाजूनं टकटक केलं की चुना गळून पडतोय, वीट अख्खी हातात. एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट बांधकामाला १४०० च्या आसपास विटा लागतात, हिशेब तुम्हीच करा किती वाचतील. पण ७२ च्या विंगची वीट सिमेंटमधे असणार, ती सुटत नाही, सिमेंटच्या आधी वीट फुटतीय. ती तुकडे करून वापरायची. कशात, तर गच्चीच्या कोब्याला. आपल्याकडं कोबा कशाचा करतात, विटांच्या तुकड्याचाच की. आणि चुन्यातल्या ज्या विटा तुटल्या त्या दळून सुरखी करा, चुन्यात सुरखी घातली की ती ओलीत बी धरतीय. फक्त काळी पडलेली जास्त भाजकी वीट त्यात घेऊ नका, तिची सुरखी चुन्याला धरत नाही. चुना मळायची घाणी फिरवणारे मिस्त्री आता कमी झालेत, पण मंदिरांच्या कामावर असतात अजून, विचारलं तर सापडतील.

शहाबादी काढताना पहारीनं ढकलू नका, लाकडी पाचरीनं उचला. वरची बाजू झिजून गुळगुळीत झालेली असती, ती तशीच मोरीबाहेर ठेवा, घसरायला होतंय अशा ठिकाणी उलटी लावा, मागची बाजू खडबडीत असती.

जेसीबी आत घेऊ नका एवढंच शेवटचं. जेसीबी चार दिवसात मोकळं करतोय खरं, पण त्यानंतर तुमच्याकडं माल राहत नाही, राडारोडा राहतोय. हातानं उतरवायला दोन महिने लागतात, मजुरी जाती, आणि माल रचून ठेवायला जागा लागती. तुमच्याकडं शाळेचं मैदान आहे ना, बाकीच्यांना तेच मिळत नाही.

ते प्रयोगशाळेचे पत्रे मात्र कापू नका, फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतंय. पाणी मारून, बोल्ट काढून, अख्खे खाली घ्या आणि ताडपत्रीत गुंडाळून ठेवा. ते विकत बी कुणाला देऊ नका, मी घेत नाही.

कोपनहेगनात_शेंगाचटणी:

मूळचा साखर पेठेतला, सध्या डेन्मार्कात. वरचं सिमेंट-चुन्याचं वाचून हसूच आलं कारण इथं कोपनहेगनला ह्याच एका गोष्टीवरनं नवीन पद्धत काढावी लागली. रिसोर्स रोज नावाची वस्ती आहे, २०१९ ला झाली, जुन्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या आणि काही जुन्या शाळांच्या विटा वापरून. पण नंतरच्या काळातल्या भिंती सिमेंटमधल्या, वीट सुटेना. मग त्यांनी भिंतीचेच मीटरभराचे चौकोन करवतीनं कापले आणि ते चौकोन नवीन घरांच्या दर्शनी भिंतीला लावले. दिसायला गोधडीसारखं दिसतं, खरंच. वाकळ म्हणतो ना आपण, तशी. हे बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या आजीला हे कुणी नवीन म्हणून सांगितलं असतं तर तिनं काय तोंड केलं असतं.

नेदरलँड्समधे मादास्टर म्हणून २०१७ पासून एक नोंदवही चालते, इमारतीत कुठला माल किती, कुठं बसवलाय, कसा निघेल याची. त्याला मटेरियल पासपोर्ट म्हणतात. इमारतीच्या मालाचा सातबारा समजा. जुनामालवाले दादा खडूनं नंबर टाका म्हणतायत ते तेच आहे, फक्त ॲपशिवाय.

पण दुसरी बाजू पण सांगतो, कारण ह्या विषयावर सगळे नुसते गुलाबी फोटो टाकतात. इंग्लंडमधे २०१३ साली ऑफिसांच्या इमारतींची घरं करायला नियम सैल केले. झालं काय, खोल-खोल ऑफिसं, मधे उजेड नाही, तरी कापून कापून एवढ्याशा खोल्या केल्या, काही घरांना धड खिडकी नाही. शेवटी २०२० ला उजेडाचा आणि २०२१ ला कमीत कमी क्षेत्रफळाचा नियम घालावा लागला. म्हणजे जुनी इमारत वाचवली म्हणून आत राहणाऱ्याचं भलं झालं असं आपोआप होत नाही. तुमची शाळा ह्या बाबतीत नशीबवान आहे, एका बाजूला व्हरांडा, दुसऱ्या बाजूला खिडक्या, खोली वीस फूट. आरपार वारं. पण घर करताना व्हरांड्याच्या बाजूनं स्वयंपाकघर बंद करून टाकलं तर तुम्ही पण तेच कराल जे त्यांनी केलं. व्हरांडा कुणाच्या घरात घेऊ नका, तो सगळ्यांचाच राहू दे, संध्याकाळी म्हातारी माणसं बसणार कुठं?

अजून एक, फ्रान्समधे बोर्दोला ग्राँ पार्क म्हणून साठच्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं. पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. लाकातों आणि वास्साल या आर्किटेक्ट जोडीनं न पाडता बाहेरून प्रत्येक घराला एक रुंद गॅलरी जोडली, माणसं घरातच राहिली आणि काम झालं. त्या दोघांना २०२१ ला प्रित्झकर मिळालं, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस. स्ट्रक्चरवाली ताई मागं वेगळा सांगाडा म्हणतायत तो ह्याच जातीचा विचार आहे.

होटगीरोड_रिटायर्ड:

बोर्दोला उन्हाळा किती असतो ते सांगा आधी. आणि स्वस्त पडतं का महाग हा त्यांचा प्रश्न तसाच राहिला की, सगळे हुशार लोक तेवढ्यावरून गुपचूप पुढं सरकले.

स्ट्रक्चरवाली:

काका पकडलंत. सांगते. मटेरियलचा खर्च खाली येतो, मजुरीचा वर जातो. पाया, भिंती, छत हे फुकटात उभं आहे ही मोठी बचत, पण चुन्याचं काम हळू, मिस्त्री महाग, आणि प्लास्टर उकरल्यावर काय निघेल ते आधी माहीत नसतं म्हणून बजेटमधे मोकळी रक्कम ठेवावीच लागते, मी पाचवा हिस्सा ठेवते. ज्यांना दर चौरस फुटाचा एकच आकडा हवाय त्यांनी या भानगडीत पडू नये. बिल्डरची ऑफर कागदावर नेहमी जास्तच दिसणार, कारण तिथं तुम्ही जमीन विकताय आणि इथं भाडं घेताय, दोन्हीची तुलना करायची तर वीस वर्षांची करा.

आणि विंग पाडली तर तिचं काँक्रीट. आयएस ३८३, म्हणजे खडी-वाळूचं मानक, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत तोडलेल्या काँक्रीटची खडी वापरायला परवानगी आहे, हलक्या, म्हणजे एम १५ च्या (एमचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) खालच्या काँक्रीटमधे पूर्ण, साध्या काँक्रीटमधे २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम २५ पर्यंतच. तुमच्या केसमधे मी आरसीसीत एक टक्का पण घालणार नाही. १९७२, दुष्काळ. त्या साली जी विहीर आटली नव्हती तिच्या पाण्यात काँक्रीट मळलं असणार, गोडं का खारं कोण बघत होतं. सळया एवढ्या फुगल्यात त्याचं कारण ते पण असू शकतं. जोत्याची भर, फरशीखालचं काँक्रीट, मैदानातला रस्ता, एवढ्यात तो सगळा माल जिरतो, गावाबाहेर ओढ्यात टाकायला ट्रक लागत नाही.

नवीन विटा लागल्याच तर फ्लायॲशच्या घ्या, आपल्या शेजारी आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, राखेला तोटा नाही. पण त्या सिमेंटच्या कडक मालात बसवू नका, चुना घातलेल्या मऊ मालात बसवा. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी पुन्हा करवत घेऊन येईल.

फौजदारी_नाही_धर्मादाय:

तांत्रिक चर्चा झकास चाललीये पण मालकाकडं कुणी बघितलंच नाही. सार्वजनिक ट्रस्टची मिळकत आहे ना? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. विकायची, अदलाबदल, बक्षीस, किंवा शेती सोडून दुसरी मिळकत तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. बिल्डरची ऑफर सरळ ह्यात सापडते. त्यामुळं ‘पुढच्या महिन्यात ठरवून टाकू’ असं जे कोणी म्हणत असेल त्याला हे कलम वाचून दाखवा.

तुमची भाड्याची आयडिया ह्यातून सुटते असं नाही. ट्रस्टचा उद्देश काय लिहिलाय? नुसतं शिक्षण असेल तर रिटायर्ड लोकांना घरं हे त्यात बसत नाही, उद्देश वाढवून घ्यायला अर्ज करावा लागेल. नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह म्हटलं तर जास्त सोपं जाईल, विचार करा. दुसरं, सिटी सर्व्हेला जाऊन मालमत्ता पत्रक काढा आणि सत्ता प्रकाराचा रकाना बघा, जागा सरकारनं शाळेसाठी म्हणून दिलेली असेल तर वेगळी गोष्ट सुरू होते. तिसरं, विकास आराखड्यात त्या प्लॉटवर शाळेचं आरक्षण आहे का. हे तीन कागद हातात आल्याशिवाय प्लास्टरला हात लावू नका असं मी म्हणणार होतो पण उकरून बघायला काही हरकत नाही.

बाळीवेस_कट्टा:

अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

जुनामालवाले दादा स्वतः येऊन गेले, चहासुद्धा घेतला नाही. आम्ही दोघांनी आणि भाचीनं मिळून यादी केली. बेचाळीस दारं-खिडक्या, त्यातली पाच पिळलेली. कैच्यांची दोन टोकं गेलीयत, सळई लोण्यात गेल्यासारखी आत गेली. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीशी प्लास्टर उकरलं, आरपार दगड आहेत, काका, फोटो तुम्हाला वेगळा पाठवतो. एका कोपऱ्यात मात्र नाहीत, नंतर कधीतरी भिंत वाढवलेली दिसते, तिथं मातीच आहे. एक इंजिनिअर बघून गेले, ते म्हणाले तो कोपरा उतरवून पुन्हा रचायचा.

मागच्या विंगला फवारा मारला. चार कॉलम, कुठंच गुलाबी नाही. विंग जाणार.

मालमत्ता पत्रक मिळालं, जागा ट्रस्टच्या नावानं विकत घेतलेली आहे, सरकारी नाही. आरक्षणाचं बघायला अर्ज दिलाय. उद्देशात शिक्षण आणि ‘गरजूंना निवारा’ असे दोन्ही शब्द निघाले, १९३६ च्या लोकांना काय सुचलं असेल कोण जाणे.

मीटिंग झाली. मी ३०० किलो २०० किलो वगैरे सगळं बोललो, कोपनहेगनची गोधडी पण दाखवली. पाडापाडीवाल्याला नको म्हणायचं एकमतानं ठरलं, खजिनदार जरा नाराज आहेत. बिल्डरचं पत्र पेंडिंग. सगळ्यात वयस्कर विश्वस्त तासभर डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. शेवटी एकच प्रश्न विचारला, “वीस मोऱ्यांचं पाणी जाणार कुठं?” कुणाला उत्तर देता आलं नाही.

स्ट्रक्चरवाली:

त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, तोच प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. जुन्या शाळेची मुतारी मागच्या अंगणात असणार आणि तिची लाईन चार इंची. रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून आत पाईप किती खोल आहे ते टेपनं मोजा, आणि अंगणाच्या मागच्या कोपऱ्यापासून तिथंपर्यंत किती फूट पडतं ते. लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाण्याची नळी) घेऊन जा, मोबाईलच्या ॲपवर विसंबू नका. आकडे टाका इथं.

बाळीवेस_कट्टा:

रविवारी मोजतो. चेंबरचं झाकण डांबरात गेलंय, आधी ते शोधायचंय.